परीक्षेने मिळविलेला श्रेयांक आणि महाविद्यालयाची मान्यता : अमेरिकेतील ‘क्लेप’ व्यवस्थेची चिकित्सा

गोषवारा : वर्गात न बसता, केवळ परीक्षा देऊन पदवीचे श्रेयांक मिळविण्याची सोय अमेरिकेतील उच्च शिक्षणात अर्धशतकाहून अधिक काळ आहे. ‘क्लेप’ ही तिच्यातील सर्वांत परिचित परीक्षा होय. मात्र परीक्षा राष्ट्रीय पातळीवर घेतली जाते आणि तिचा निकाल मानावयाचा की नाही हे प्रत्येक महाविद्यालय स्वतंत्रपणे ठरविते. या दोहोंमधील अंतर भरून काढण्याचे काम विद्यार्थ्यावर येऊन पडते. ‘मान्यता’ हा शब्द वरकरणी एकेरी दिसत असला तरी प्रत्यक्षात ती अनेक निर्णयांची साखळी आहे, हे दाखवून त्या साखळीची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. अखेरीस भारतातील ‘स्वयम्’ व श्रेयांक-पेढी यांच्या संदर्भात या अनुभवाचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : श्रेयांक, समकक्षता, क्लेप, शैक्षणिक स्वायत्तता, श्रेयांक-हस्तांतरण.

१. प्रस्तावना

“अमुक महाविद्यालय या परीक्षेचा निकाल मान्य करते काय?” हा प्रश्न कार्यालयाच्या खिडकीवर विचारावयाचा आणि ‘होय’ वा ‘नाही’ या उत्तरात संपावयाचा, असा सर्वसाधारण समज आहे. प्रवेशाच्या धांदलीत विद्यार्थी तो त्याच भावनेने विचारतो आणि लिपिकही त्याच भावनेने उत्तर देतो. परंतु या प्रश्नाच्या पोटात उच्च शिक्षणातील एक मूलभूत वाद दडलेला आहे. ज्ञान हे त्यासाठी घालविलेल्या वेळेवरून मोजावयाचे की ते सिद्ध करून दाखविल्यावरून? विद्यार्थ्याने काय जाणले याचा निवाडा ज्याने शिकविले त्या प्राध्यापकाने करावयाचा की दूरच्या एखाद्या परीक्षामंडळाने? या प्रश्नांची उत्तरे अमेरिकेने कधीच एकमुखाने दिलेली नाहीत. परिणामी तेथील मान्यतेची व्यवस्था ही एका न सुटलेल्या वादाची प्रशासकीय रूपरेषा बनली आहे, असे म्हणता येईल.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी

श्रेयांकाचा उगम अध्यापनशास्त्रात झालेला नाही, ही बाब प्रथमच लक्षात घेणे आवश्यक आहे. १९०५ मध्ये अँड्र्यू कार्नेगी यांनी महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी १ कोटी डॉलरची देणगी दिली. या योजनेत सामील होऊ इच्छिणाऱ्या संस्थांनी प्रवेशासाठी शालेय अभ्यासाचे एक ठरावीक एकक स्वीकारावे, अशी अट कार्नेगी प्रतिष्ठानाने घातली. साधारणतः १२० तासांच्या अध्यापनाचे हे ‘कार्नेगी एकक’ होय. पुढे याच धर्तीवर महाविद्यालयांत तासांवर आधारलेले श्रेयांक रूढ झाले. ज्या मापाने आज विद्यार्थ्याचे ज्ञान मोजले जाते ते माप प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनाच्या निमित्ताने देशभर पसरले, हा इतिहासातील एक उद्बोधक योगायोग आहे. खुद्द कार्नेगी प्रतिष्ठानाने २०१५ मधील आपल्या अहवालात या एककाच्या मर्यादा मान्य केल्या. तथापि त्याच्या जागी घेता येईल असे दुसरे सर्वमान्य माप उपलब्ध नाही, असेही नोंदविले.

या कालाधिष्ठित मापाला पहिला मोठा धक्का दुसऱ्या महायुद्धाने दिला. युद्धावरून परतलेल्या सैनिकांना १९४४ च्या कायद्याने शिक्षणासाठी साहाय्य मिळाले आणि महाविद्यालयांच्या दारात प्रौढ विद्यार्थ्यांची रीघ लागली. त्यांनी सैन्यात असताना पुष्कळ काही शिकून घेतले होते. पण ते कोणत्याही वर्गात बसून शिकलेले नव्हते. अशा शिक्षणाचे मूल्यमापन करून महाविद्यालयांना शिफारस करण्याचे काम अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन या संस्थेने अंगावर घेतले. पुढे १९६७ मध्ये कॉलेज बोर्डाने ‘कॉलेज-लेव्हल एक्झामिनेशन प्रोग्राम’ म्हणजेच ‘क्लेप’ सुरू केला. शालेय विद्यार्थ्यांसाठीची ‘अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’ अर्थात ‘एपी’ ही योजना त्याआधीच, १९५० च्या दशकात, कॉलेज बोर्डाकडे आलेली होती. या दोन योजनांमधील भेद महत्त्वाचा आहे. एपीमागे शाळेतील वर्षभराचा अभ्यासक्रम असतो. क्लेपमागे कोणताही वर्ग गृहीत धरलेला नसतो. विद्यार्थी कोठे, कसा आणि किती दिवसांत शिकला हे तेथे विचारलेच जात नाही.

३. क्लेपचे स्वरूप

क्लेपच्या परीक्षा तीसहून अधिक विषयांत होतात. बहुतेक परीक्षा सुमारे ९० मिनिटांच्या, संगणकावर घेतल्या जाणाऱ्या व प्रामुख्याने बहुपर्यायी प्रश्नांच्या असतात. गुण २० ते ८० या मोजपट्टीवर दिले जातात. अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशनची शिफारस साधारणतः ५० गुणांना श्रेयांक देण्याची आहे. भाषाविषयांत दोन स्तर असतात. उदाहरणार्थ, स्पॅनिशमध्ये ५० गुणांना पहिल्या स्तराचे आणि ६३ गुणांना दुसऱ्या स्तराचे श्रेयांक सुचविलेले आहेत. एका परीक्षेचे शुल्क शंभर डॉलरच्या आसपास असून त्यात केंद्राचे शुल्क वेगळे मिळवावे लागते. तीन श्रेयांकांच्या एका अभ्यासक्रमाला महाविद्यालयात जे शुल्क भरावे लागते त्याच्या तुलनेत ही रक्कम अगदीच अल्प आहे. हे निकाल २,९०० हून अधिक महाविद्यालये मान्य करतात, असे कॉलेज बोर्ड सांगते.

या वर्णनातील ‘शिफारस’ हा शब्द कळीचा आहे. कौन्सिलची शिफारस कोणत्याही महाविद्यालयावर बंधनकारक नसते. ५० ऐवजी अधिक गुणांची अट घालण्याचा, श्रेयांक कमी देण्याचा किंवा अजिबात न देण्याचा अधिकार महाविद्यालयाकडे राहतो. राष्ट्रीय परीक्षेच्या गुणपत्रिकेवर छापलेला आकडा एकच असतो. त्याचे मोल मात्र प्रत्येक दारात निराळे ठरते.

४. ‘मान्यता’ या शब्दाचे विघटन

‘२,९०० हून अधिक महाविद्यालये मान्य करतात’ या विधानात मान्यता ही एकच क्रिया असल्याचे सूचित होते. प्रत्यक्षात ती किमान सहा निर्णयांत विभागलेली आढळते.

पहिला निर्णय परीक्षेच्या निवडीचा असतो. महाविद्यालय क्लेप ‘मानते’ याचा अर्थ तिचे सर्व विषय मानते असा होत नाही. दुसरा निर्णय किमान गुणांचा. तिसरा, किती श्रेयांक द्यावयाचे याचा. चौथा निर्णय सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. तो म्हणजे, दिलेला श्रेयांक पदवीच्या आराखड्यात कोणत्या जागी बसवावयाचा? तो एखाद्या नेमक्या अभ्यासक्रमाशी समकक्ष धरला जातो, सामान्य शिक्षणाच्या गटात घातला जातो, की ‘ऐच्छिक’ या सर्वसमावेशक खान्यात टाकला जातो, यावर त्याची उपयुक्तता अवलंबून असते. पाचवा निर्णय मर्यादेचा असतो. परीक्षेद्वारे एकूण किती श्रेयांक घेता येतील आणि पदवीपैकी किमान किती श्रेयांक त्याच संस्थेत पूर्ण केले पाहिजेत, याची ही अट होय. १२० श्रेयांकांच्या पदवीत किमान ३० स्वसंस्थेत मिळविण्याची अट पुष्कळ ठिकाणी दिसते. सहावा निर्णय काळाचा. काही ठिकाणी प्रवेशानंतर परीक्षा द्यावयाची तर पूर्वपरवानगी लागते. काही ठिकाणी त्याच विषयातील वरच्या पातळीचा अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर खालच्या पातळीची परीक्षा ग्राह्य धरली जात नाही.

हे सहा निर्णय एकत्र कसे काम करतात हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. नोकरी सांभाळून व्यवसाय-प्रशासनाची पदवी घेऊ पाहणारी एक विद्यार्थिनी तीन परीक्षा देते, असे समजू. अमेरिकेच्या इतिहासाचे ३, महाविद्यालयीन बीजगणिताचे ३ आणि स्पॅनिशचे ६ असे १२ श्रेयांक तिला मिळतात. महाविद्यालय तिन्ही परीक्षा मान्य करते आणि गुणपत्रिकेवर १२ श्रेयांक नोंदवतेही. पण तिच्या पदवीला बीजगणित नव्हे, कलनशास्त्र आवश्यक आहे. म्हणून बीजगणित ऐच्छिक खान्यात जाते. स्पॅनिशही ऐच्छिक खान्यातच जाते. तिच्या आराखड्यात ऐच्छिक श्रेयांकांना जागा आहे फक्त ३. म्हणजे इतिहासाचे ३ आणि ऐच्छिकांपैकी ३ असे ६ श्रेयांक तिच्या पदवीच्या कामी येतात. उरलेले ६ गुणपत्रिकेवर शोभेपुरते राहतात. कोणीही तिला खोटे सांगितलेले नाही. ‘मान्य आहे’ हे उत्तर अक्षरशः खरे होते, तरीही तिचे निम्मे श्रम, वेळ आणि शुल्क वाया गेले.

या उदाहरणावरून एक भेद हाती लागतो. श्रेयांक नोंदला जाणे आणि श्रेयांक लागू होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. व्यवस्था पहिलीविषयी मोकळेपणाने बोलते. विद्यार्थ्याचे हित मात्र दुसरीत असते.

कायद्यानेही हा भेद मिटविलेला नाही. इलिनॉय राज्याने २०१५ मध्ये कायदा करून, एपी परीक्षेत ३ किंवा अधिक गुण मिळविणाऱ्यांना राज्याच्या सार्वजनिक महाविद्यालयांनी श्रेयांक दिलाच पाहिजे, असे ठरविले. २०१६-१७ या शैक्षणिक वर्षापासून हा नियम लागू झाला. परंतु तो श्रेयांक ऐच्छिक म्हणून द्यावयाचा, सामान्य शिक्षणात धरावयाचा की मुख्य विषयात, हे ठरविण्याचा अधिकार संस्थांकडेच ठेवला गेला. कायद्याने नकाराचा दरवाजा बंद केला; ऐच्छिकाची खिडकी मात्र उघडीच राहिली.

५. नकाराचा तर्क आणि त्याचे मूल्यमापन

येथवरच्या विवेचनावरून महाविद्यालये केवळ आडमुठेपणाने वागतात, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. नकारामागे एक गंभीर शैक्षणिक भूमिका आहे आणि तिचा तितक्याच गंभीरपणे विचार केला पाहिजे.

डार्टमथ महाविद्यालयाने २०१३ च्या सुरुवातीस असे जाहीर केले, की २०१४ मध्ये प्रवेश घेणाऱ्या तुकडीपासून एपीच्या गुणांवर पदवीचे श्रेयांक मिळणार नाहीत. त्या गुणांचा उपयोग केवळ योग्य पातळीच्या वर्गात प्रवेश देण्यापुरता होईल. त्यावेळी मानसशास्त्र विभागाच्या एका प्रयोगाची बरीच चर्चा झाली. एपी मानसशास्त्रात ५ हे सर्वोच्च गुण मिळविलेल्या शंभरहून अधिक विद्यार्थ्यांना विभागाच्या प्रारंभिक अभ्यासक्रमाच्या अंतिम परीक्षेची संक्षिप्त आवृत्ती देण्यात आली, तेव्हा त्यांपैकी ९० टक्के विद्यार्थी अनुत्तीर्ण झाले. कॉलेज बोर्डाने या प्रयोगाच्या पद्धतीवर आक्षेप घेतला.

हा प्रयोग लक्षवेधी आहे, यात शंका नाही. तथापि त्यावरून काढावयाचा निष्कर्ष काटेकोरपणे तपासला पाहिजे. डार्टमथच्याच वर्गात बसून तो अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या विद्यार्थ्यांना काही महिन्यांनंतर, पूर्वतयारीशिवाय, तीच परीक्षा दिली तर त्यांपैकी किती उत्तीर्ण होतील? ही तुलना केल्याखेरीज विद्यार्थी मुळात शिकलेच नव्हते की शिकलेले विसरले, हे सांगता येत नाही. विस्मरण हा दोष असेल तर तो परीक्षेने मिळविलेल्या श्रेयांकाइतकाच वर्गात मिळविलेल्या श्रेयांकालाही लागू होतो. मात्र वर्गातील श्रेयांकाची फेरतपासणी कोणी करीत नाही.

दुसरा आक्षेप अधिक सबळ आहे. बहुपर्यायी प्रश्नांच्या दीड तासात माहिती आणि संकल्पना तपासता येतात. प्रयोगशाळेतील हात, चर्चेतील युक्तिवाद, दीर्घ निबंधातील मांडणी यांची पारख होत नाही. हा आक्षेप योग्यच आहे. पण तो विषयवार आहे, सरसकट नाही. रसायनशास्त्राला तो जितका लागू पडतो तितका बीजगणिताला पडत नाही. शिवाय शेकडो विद्यार्थ्यांच्या सभागृहात व्याख्यान ऐकून अखेरीस बहुपर्यायी परीक्षा देणे, हेच जेथे प्रारंभिक अभ्यासक्रमाचे स्वरूप असते तेथे हा आक्षेप घेण्याचा नैतिक अधिकारही उणावतो. याउलट मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीसारखी संस्था स्वतःच्याच परीक्षा घेऊन अभ्यासक्रमाचे श्रेय देते. परीक्षेने श्रेयांक देण्याचे तत्त्व स्वीकारून परीक्षकाचा अधिकार स्वतःकडे ठेवण्याचा हा मार्ग बौद्धिकदृष्ट्या अधिक प्रामाणिक म्हणावा लागेल.

दुसऱ्या बाजूचा पुरावाही उपेक्षणीय नाही. बोटमन, हर्विट्झ, ली आणि स्मिथ यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात क्लेपच्या उत्तीर्णतेच्या रेषेच्या अगदी अलीकडचे आणि अगदी पलीकडचे विद्यार्थी यांची तुलना केली आहे. एकदोन गुणांनी मागे-पुढे असलेल्या या विद्यार्थ्यांत क्षमतेचा फारसा फरक नसतो. फरक असतो तो श्रेयांक मिळण्या-न मिळण्याचा. दोन वर्षांच्या महाविद्यालयांतील उत्तीर्ण विद्यार्थ्यांत सहयोगी पदवी पूर्ण करण्याचे प्रमाण १७ टक्क्यांनी, तर चार वर्षांच्या महाविद्यालयांत पदवी पूर्ण करण्याचे प्रमाण २.६ टक्क्यांनी अधिक आढळले. या लेखकांत कॉलेज बोर्डाशी संबंधित संशोधकही होते, ही गोष्ट वाचकाने ध्यानात ठेवावी. परंतु तुलनेची पद्धत भक्कम आहे. दोन आकड्यांमधील तफावत विशेष बोलकी आहे. ज्यांना पदवीपर्यंत पोहोचणेच अवघड असते त्यांना या परीक्षेचा उपयोग सर्वाधिक होतो. तेव्हा मान्यतेच्या संदिग्धतेचा फटकाही त्यांनाच अधिक बसणार, हे उघड आहे.

६. पडताळणीचा भार कोणावर?

मान्यता तपासण्यासाठी विद्यार्थ्यापुढे साधारणपणे तीन स्रोत असतात : कॉलेज बोर्डाने संकलित केलेली महाविद्यालयांची यादी, महाविद्यालयाची स्वतःची माहितीपुस्तिका आणि रजिस्ट्रार अथवा विभागाचा प्रत्यक्ष निर्णय. पहिला स्रोत सर्वांत सोयीचा, पण निर्णायक नव्हे. दुसरा अधिकृत असला तरी त्यात बहुधा पहिल्या तीन निर्णयांचीच माहिती मिळते. चौथा निर्णय, म्हणजे श्रेयांक नेमका कोठे लागू होईल हा, पुष्कळदा विभागप्रमुखाच्या टेबलावर घेतला जातो. समुपदेशकाने तोंडी दिलेले आश्वासन आणि रजिस्ट्रारची लेखी नोंद यांत तफावत आढळल्यास लेखी नोंदच टिकते. साहजिकच, परीक्षेपूर्वी लेखी उत्तर घेणारा विद्यार्थी तरतो आणि विश्वासाने पुढे जाणारा अडचणीत येतो.

महाविद्यालय बदलणाऱ्यांची स्थिती आणखी बिकट असते. कम्युनिटी कॉलेजने मान्य केलेला क्लेपचा निकाल चार वर्षांच्या विद्यापीठाने मान्य केलाच पाहिजे, असा सर्वत्र नियम नाही. नवी संस्था अनेकदा मूळ गुणपत्रिका पुन्हा मागविते आणि स्वतःच्या नियमांनी नव्याने निवाडा करते. एकदा मिळालेला श्रेयांक अशा रीतीने प्रत्येक उंबरठ्यावर पुन्हा सिद्ध करावा लागतो.

ज्याच्या घरात आधीच्या पिढीने महाविद्यालय पाहिले आहे तो विद्यार्थी कोणता प्रश्न कोणाला विचारावा हे जाणतो. पहिल्या पिढीतील विद्यार्थ्याला प्रश्नाचे अस्तित्वच ठाऊक नसते. त्यामुळे समान संधीसाठी निघालेली व्यवस्था माहितीच्या विषमतेतून जुनीच विषमता पुन्हा उभी करते. महाविद्यालयाच्या स्वायत्ततेचे समर्थन करता येते. संदिग्धतेचे समर्थन करता येत नाही. नकार देण्याचा अधिकार शैक्षणिक आहे, पण नकार अस्पष्ट ठेवण्यात कोणतेही शैक्षणिक तत्त्व नाही.

७. भारतीय संदर्भ

परीक्षा हीच विद्यापीठाची ओळख असणे आपल्याला नवे नाही. १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ आरंभीची अनेक दशके मुख्यतः परीक्षा घेणारी व पदवी देणारी संस्था होते. अध्यापन संलग्न महाविद्यालयांत चाले. शिकविणारा आणि तपासणारा यांची फारकत आपल्या व्यवस्थेच्या पायातच आहे. पुढे श्रेयांकपद्धती आल्यावर काळाचे माप आले. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात वर्षाला १,२०० अध्ययन-तास आणि ४० श्रेयांक, म्हणजे एका श्रेयांकास ३० तास, असे समीकरण मांडले आहे.

‘स्वयम्’वरील अभ्यासक्रमांच्या संदर्भात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनी एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम या मार्गाने घेण्यास मुभा दिली. त्याच वर्षी श्रेयांक-पेढीचेही विनियम आले. या तरतुदींचा हेतू स्वागतार्ह आहे. परंतु कोणते अभ्यासक्रम ग्राह्य धरावयाचे आणि ते कशाच्या जागी धरावयाचे, हे विद्यापीठाच्या विद्या परिषदेला व अभ्यास मंडळांना ठरवावे लागते. म्हणजे येथेही राष्ट्रीय परीक्षा आणि स्थानिक समकक्षता हीच जोडी आहे. पेढीत श्रेयांक जमा होणे म्हणजे तो पदवीला लागू होणे नव्हे. अमेरिकेतील विद्यार्थिनीचे जे झाले ते एखाद्या तालुक्याच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याचे होऊ नये, यासाठी हा भेद आधीच ओळखणे हिताचे ठरेल.

या दृष्टीने काही साध्या गोष्टी महाविद्यालयाच्या पातळीवरच करता येण्याजोग्या आहेत. माहितीपुस्तिकेत ‘मान्य’ एवढाच शेरा न देता विषय, किमान गुण, श्रेयांक, कोणत्या अभ्यासक्रमाच्या जागी आणि कमाल मर्यादा अशा पाच रकान्यांचा तक्ता द्यावा. विद्यार्थ्याने नोंदणीपूर्वी विचारल्यास लेखी उत्तर देण्याची मुदत ठरवावी. प्रवेशाच्या वर्षी लागू असलेला नियम त्या विद्यार्थ्यासाठी अखेरपर्यंत कायम ठेवावा. नकार द्यावयाचा झाल्यास त्याचे शैक्षणिक कारण नोंदवावे. यांपैकी एकाही गोष्टीने प्राध्यापकांचा निर्णयाधिकार कमी होत नाही. तो केवळ उजेडात येतो.

८. समारोप

क्लेपच्या सहा दशकांच्या वाटचालीचा धडा असा, की परीक्षा कितीही प्रमाणित केली तरी तिचे मूल्य ती स्वीकारणाऱ्या संस्थेच्या भाषेत ठरते. ती भाषा संदिग्ध राहिली तर सर्वांत अधिक किंमत सर्वांत कमी साधनांचा विद्यार्थी मोजतो. डार्टमथने दिलेला स्पष्ट नकार आणि एखाद्या महाविद्यालयाने दिलेला संदिग्ध होकार यांची तुलना केली, तर स्पष्ट नकार अधिक न्याय्य ठरतो. कारण त्यानंतर विद्यार्थी आपला मार्ग निवडू शकतो. “हा निकाल मान्य आहे काय?” या प्रश्नाचे खरे रूप “हा निकाल या पदवीत कोठे धरला जाईल?” असे आहे. विद्यार्थ्याला तो अशा शब्दांत विचारता येत नसेल, तर त्याच शब्दांत त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी महाविद्यालयाची, आणि पर्यायाने अभ्यास मंडळांवर बसणाऱ्या प्राध्यापकांची आहे.